साठ मालगाड्या उभ्या राहिल्या: फेरोमेक्स, सप्टेंबर २०२३ – एक प्रकरण अभ्यास

१९ सप्टेंबर २०२३, मंगळवार. मेक्सिकोतली सर्वांत मोठी मालवाहू रेल्वे कंपनी फेरोमेक्सने उत्तरेकडे जाणाऱ्या ६० मालगाड्या थांबवल्याचं जाहीर केलं. रूळ उखडले नव्हते, संप नव्हता, पूरही आला नव्हता. वाघिणींच्या, म्हणजे मालडब्यांच्या टपांवर, उघड्या डब्यांत आणि दोन डब्यांमधल्या जागेत इतकी माणसं बसली होती, की गाडी हलवणं जिवावर बेतणार होतं. गेल्या काही दिवसांत स्थलांतरित मरण पावल्याच्या किंवा जखमी झाल्याच्या अर्धा डझनाच्या आसपास घटना घडल्या, हे कारण कंपनीनं दिलं. तोर्रेओनच्या यार्डात सुमारे १,५००, इरापुआतोच्या यार्डात सुमारे ८००, आणि चिवावा ते सिउदाद हुआरेस या वाटेवर गाड्यांवरच जवळपास १,००० माणसं होती. हे आकडेही कंपनीचेच.

मालगाडीवर चढून प्रवास करणं ही अमेरिका खंडातली फार जुनी गोष्ट आहे, आणि त्यामागे धावणारे रेल्वे पोलीसही तितकेच जुने. पेनसिल्व्हेनियानं रेल्वे कंपन्यांना स्वतःचे पोलीस नेमण्याची मुभा देणारा कायदा १८६५ मध्येच केला होता. पण सप्टेंबर २०२३ सारखी वेळ क्वचित येते. कॅमेरे, ड्रोन, सेन्सर, खासगी पहारेकरी हे सगळं असूनही शेवटी कंपनीच्या हातात एकच उपाय उरला: गाडीच न हलवणं. तो उपाय का करावा लागला आणि त्यानं काय झालं, हे नीट पाहिलं तर मालगाडीच्या सुरक्षेबद्दलचा एक मोठा गैरसमज दूर होतो. चालत्या मालगाडीची राखण करता येत नाही. ती जिथं उभी राहते, तिथंच सगळं ठरतं.

लोक मालगाडीकडे का वळतात

मेक्सिकोनं १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात रेल्वेचं खासगीकरण केलं. मार्ग सवलत-कराराने (ठरावीक काळ मार्ग चालवायचा हक्क देणारा करार) खासगी कंपन्यांकडे गेले, त्यांना मालवाहतुकीत रस होता, आणि दूर पल्ल्याच्या प्रवासी गाड्या काही वर्षांतच जवळपास संपल्या. फेरोमेक्स ही ग्रुपो मेक्सिको या उद्योगसमूहाची कंपनी. तिच्यात अमेरिकेतल्या युनियन पॅसिफिक रेल्वेचा २६ टक्के वाटा आहे. मेहिकाली, नोगालेस, सिउदाद हुआरेस, ओहिनागा आणि पिएद्रास नेग्रास अशा पाच ठिकाणी तिचे रूळ अमेरिकेच्या सीमेला भिडतात. दक्षिणेकडून आलेल्या माणसाच्या दृष्टीनं याचा अर्थ सरळ आहे: रस्त्यावर तपासणी नाके आहेत, बसवाले कागद मागतात, एजंट हजारो डॉलर मागतात, रूळ मात्र थेट सीमेवर जातात आणि तिकीट कुणी मागत नाही.

या गाड्यांना तिकडे ‘ला बेस्तिया’ म्हणजे जनावर म्हणतात. नाव भीतीतून पडलंय आणि भीती खरी आहे. २५ ऑगस्ट २०१३ ला ताबास्को राज्यात उइमांगियोजवळ भंगार वाहून नेणारी मालगाडी घसरली. तिच्यावर अडीचशेच्या आसपास माणसं होती, किमान सहा जण गेले. भंगाराच्या डब्यावर बसलेल्या माणसाला डबा उलटल्यावर वाचण्याची संधी किती असते, हे वेगळं सांगायला नको. तापाचुला शहरात अशा अपघातांत हातपाय गमावलेल्यांसाठी आसरा चालवावा लागतो. आणि वेराक्रूझमधल्या अमातलान दे लोस रेयेस इथल्या ‘लास पात्रोनास’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या बायका १९९५ पासून रुळांशेजारी उभ्या राहून धावत्या गाडीवरच्या लोकांच्या हातात भात-घेवड्याच्या पिशव्या आणि पाण्याच्या बाटल्या देतात. बाटल्या दोन-दोन करून दोरीनं बांधलेल्या असतात, म्हणजे वरच्या माणसाला झटक्यात पकडता याव्यात.

सरकारनं काय केलं? ७ जुलै २०१४ ला ‘दक्षिण सीमा कार्यक्रम’ जाहीर झाला. गाडीवर चढू द्यायचं नाही हे त्याचं एक उद्दिष्ट होतं. छापे वाढले, काही टप्प्यांवर गाड्यांचा वेग वाढवला गेला. त्लास्काला राज्यात आपिसाको इथं स्थलांतरितांच्या आसऱ्याजवळ रुळांच्या कडेनं काँक्रीटचे खांबही उभे राहिले. हेतू हा, की धावत येऊन डब्याला हात घालायला जागाच राहू नये. लोक थांबले नाहीत. ते खांब संपतात तिथं गेले, किंवा रूळ सोडून रानातून चालू लागले आणि लुटारूंच्या तावडीत सापडले. वेग वाढवण्याचा परिणाम तर अंगावर काटा आणणारा आहे, कारण चढताना पाय जातो तो वेगामुळेच.

पाय कसा जातो

रुळांखालची खडी सपाट नसते. ती कडेला उतरती असते आणि पायाखाली घसरते. डब्याच्या शिडीची सर्वांत खालची पायरी जमिनीपासून चांगली उंच असते. गाडी ताशी १५ किलोमीटरनं चालली असेल तर ती सेकंदाला चार मीटरहून जास्त पुढे सरकते. पाठीला पिशवी घेऊन उतरत्या खडीवर त्या वेगानं पळणं चांगल्या धडधाकट तरुणालाही जड जातं. हाताची पकड बसते, पण पाय पायरीवर येण्याआधीच शरीर ओढलं जातं. मग दोन्ही पाय लोंबकळत आत, डब्याखाली, चाकाच्या दिशेनं झोकले जातात. गुडघ्याखालच्या जखमा इतक्या जास्त का, याचं उत्तर या एका हालचालीत आहे. अमेरिकेतल्या अनेक रेल्वे कंपन्यांनी आपल्या प्रशिक्षित कर्मचाऱ्यांनासुद्धा चालत्या डब्यावर चढायला-उतरायला मनाई केली, ती याच अनुभवातून.

चढून झालं म्हणजे धोका संपला, असंही नाही. मालगाडीच्या प्रत्येक कपलिंगमध्ये, म्हणजे दोन डबे जोडणाऱ्या आकड्यात, थोडा ढिलेपणा असतो, काही इंचांचा. तो मुद्दाम ठेवलेला असतो, नाहीतर इंजिनाला एवढं वजन एकदम उचलता येणार नाही. शंभर डब्यांच्या गाडीत हा सगळा ढिलेपणा मिळून ५० फुटांच्या घरात जातो. गाडी निघताना तो पुढून मागे एकेका डब्यात ताणला जातो, ब्रेक लागल्यावर एकेका डब्यात आवळला जातो. इंजिनाजवळ हलकासा हिसका बसतो, तेव्हा शेपटाकडे तोच हिसका हातोडा मारल्यासारखा येतो. दोन डब्यांमध्ये, कपलिंगवर किंवा टपाच्या कडेला झोप लागलेला माणूस अशाच वेळी खाली जातो. या रुळांवर झोप ही तहानेइतकीच जीवघेणी गोष्ट आहे. म्हणूनच अनेक जण दोरीनं किंवा पट्ट्यानं स्वतःला जाळीला बांधून घेतात. त्यानं पडणं टळतं. पण गाडी घसरली किंवा खाली उडी मारायची वेळ आली, तर तीच गाठ सुटत नाही.

डब्याच्या प्रकारावर बरंच अवलंबून असतं आणि तो निवडायला कुणाला वेळ मिळत नाही:

उघडी वाघीण, म्हणजे गोंडोला, सप्टेंबर २०२३ च्या बहुतेक छायाचित्रांत दिसते. चारी बाजूंना भिंती, त्यामुळे पडायची भीती कमी. पण आतलं भंगार किंवा खनिज हिसक्यानं सरकतं, आणि दुपारी पोलादाचा पत्रा इतका तापतो की त्यावर हात ठेववत नाही. रात्री तोच पत्रा थंडगार.

कंटेनरच्या खोलगट वाघिणींना बऱ्याचदा सलग तळ नसतो. आडव्या पट्ट्यांवर कंटेनरचे कोपरे टेकतात आणि मधून थेट रूळ दिसतात. लांबून बघणाऱ्याला हे कळत नाही.

धान्याचं बंद हॉपर, म्हणजे वरून भरायची आणि खालून रिकामी करायची वाघीण, ही सर्वांत फसवी जागा. ऑक्टोबर २००२ मध्ये आयोवा राज्यातल्या डेनिसन इथं धान्याच्या कोठारावर एक हॉपर साफ करायला उघडलं, तेव्हा आत ११ माणसांचे सांगाडे सापडले. ती वाघीण जूनमध्ये मेक्सिकोतल्या मातामोरोसहून निघाली होती, नंतर ओक्लाहोमात साठवणीच्या रुळावर कित्येक आठवडे उभी होती. झाकण बाहेरून बंद होतं. आतून उघडायची सोय हॉपरला नसतेच. मार्च २०२३ मध्ये टेक्ससमधल्या क्निप्पा गावाजवळ एका मालगाडीच्या कंटेनरमध्ये आणि हॉपरमध्ये माणसं पुन्हा तशीच अडकली. गुदमरलेल्या माणसांनी आतून फोन केला, गाडी थांबवली गेली, तरी दोन जण वाचले नाहीत. फोनला रेंज नसती तर काय झालं असतं, हे डेनिसननं आधीच दाखवलं होतं.

गाडी काय पाहते आणि काय पाहत नाही

आधुनिक मालगाडीवर यंत्रणा कमी नाहीत. प्रत्येक डब्याच्या दोन्ही बाजूंना ओळखपट्टी असते, ती रुळांशेजारचं यंत्र वाचतं आणि कोणता डबा कुठं आहे हे कंपनीला कळतं. चाकाच्या आसाच्या बेअरिंगची उष्णता मोजणारे सेन्सर असतात. काही लोंबकळत असेल तर ते टिपणारी यंत्रं असतात. शेवटच्या डब्यावर एक पेटी बसवलेली असते, ती ब्रेक पाइपमधला, म्हणजे सगळ्या डब्यांतून जाणाऱ्या ब्रेकच्या नळीतला, हवेचा दाब आणि शेपूट हलतंय की नाही एवढं रेडिओनं इंजिनाला कळवते. पूर्वी हे काम गार्डच्या डब्यातली माणसं करायची. सीमेवर अमेरिकेकडून गॅमा किरणांनी संपूर्ण गाडीचं चित्र घेतलं जातं, गाडी अगदी हळू चालवून.

यांतलं एकही यंत्र गाडी चालत असताना चालकाला सांगत नाही, की त्रेसष्टाव्या डब्यात चाळीस माणसं बसली आहेत.

सगळी यंत्रणा डबा, माल, चाक आणि हवा यांच्यासाठी बनवली आहे. चालक आणि त्याचा जोडीदार पुढच्या इंजिनात, त्यांच्या मागे दोन-दोन किलोमीटर गाडी. आरशात वळणावर जे दिसेल तेवढंच. माणसं वर आहेत हे त्यांना माहीत असलं तरी कुठं आणि किती हे नसतं, आणि इथं एक भयंकर पेच उभा राहतो. पुढे रुळावर कुणी पडलं, तर चालकाला आणीबाणीचा ब्रेक लावावासा वाटणार. ब्रेक पाइपमध्ये साधारण ९० पीएसआय (दाबाचं एकक) दाब असतो. तो एकदम सोडला की ब्रेकचा संदेश सेकंदाला पावणेतीनशे मीटरच्या आसपास वेगानं मागे धावतो, पण सगळे डबे एकाच क्षणी थांबत नाहीत. मागचे पुढच्यांवर आदळतात. भरलेल्या शंभर डब्यांच्या गाडीला ताशी ८८ किलोमीटरवरून थांबायला दीड किलोमीटरहून जास्त अंतर लागतं. म्हणजे पुढचा माणूस बहुतेक वाचत नाही, आणि मागे टपावर बसलेल्यांपैकी काही फेकले जातात. चालकांनी या पेचात कसं वागावं याचं नेमकं उत्तर कुठल्याच नियमपुस्तकात नाही, कारण नियमपुस्तक टपावर माणूस नाही असं धरूनच लिहिलेलं असतं.

ड्रोन आणि उष्णतेचे कॅमेरे याच कारणासाठी आले. वरून पाहिलं तर गोंडोलातली माणसं स्पष्ट दिसतात. पण बघणं आणि उतरवणं यांत फार अंतर आहे. पहारेकऱ्यांकडे लोकांचे कागद तपासण्याचा किंवा त्यांना ताब्यात घेण्याचा अधिकार नाही. तो मेक्सिकोच्या स्थलांतर संस्थेचा. अंधारात दहा जणांनी दोनशे लोकांना दमदाटी करून खाली उतरवायचं, हाच उपाय उरतो. त्यात लोक घाईनं उड्या मारतात, दुसऱ्या रुळावर जातात, डब्याखालून पलीकडे निघतात. असा पहारा अपघात वाढवतो. यावर आमचं मत ठाम आहे: पहारा लावायचाच असेल, तर तो गाडी उभी असताना, उजेडात, आणि स्थलांतर संस्थेचे अधिकारी व वैद्यकीय पथक सोबत घेऊनच.

त्या आठवड्यात नेमकं काय झालं

११ मे २०२३ ला अमेरिकेनं साथीच्या काळातला ‘टायटल ४२’ हा परत पाठवणीचा नियम संपवला. त्यानंतर उन्हाळ्यात काही आठवडे संख्या घटली, पण जुलैपासून पुन्हा वाढली, आणि या वेळी त्यात व्हेनेझुएलाची कुटुंबं मोठ्या प्रमाणात होती. लहान मुलं कडेवर घेतलेली माणसं गोंडोलाच्या भिंतीवरून एकमेकांना वर ओढत होती. हा फरक महत्त्वाचा आहे. एकटा तरुण चालत्या गाडीवर चढायचा प्रयत्न करतो. कुटुंब उभ्या गाडीची वाट पाहतं. त्यामुळे गर्दी वाटेत विखुरलेली न राहता यार्डांत साठू लागली, आणि तोर्रेओनसारखं जंक्शन, जिथून एक वाट हुआरेसकडे आणि दुसरी पिएद्रास नेग्रासकडे जाते, ते आपोआप वाटसरूंचं स्टेशन बनलं.

यार्डात दीड हजार माणसं असताना गाडी सोडणं का अशक्य होतं, हे समजून घ्यायला हवं. मालगाडी निघण्याआधी ब्रेकची तपासणी करावी लागते. आधी संपूर्ण पाइपमध्ये हवा भरायची. लांब गाडीला यालाच बराच वेळ जातो. मग दाब ठरावीक प्रमाणात उतरवून ब्रेक लावायचे आणि कर्मचाऱ्यानं गाडीच्या कडेनं चालत प्रत्येक डब्याचा ब्रेक बसलाय का ते पाहायचं. मग ब्रेक सोडून ते सुटलेत का ते पाहायचं. दोन किलोमीटर लांब गाडी, दोन्ही बाजू. आता त्याच डब्यांखालून माणसं ये-जा करतायत, सावलीसाठी चाकांजवळ निजलीत, हवेच्या नळ्यांवर पाय देऊन चढतायत. एखादी नळी निसटली की ब्रेक आपोआप लागतो आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. आणि तपासणी पूर्ण झाली तरी ती झाली त्या क्षणापुरतीच खरी. पाच मिनिटांत डब्याखाली नवं माणूस आलेलं असू शकतं. अशा वेळी गाडी हलवायला नकार देणारा यार्ड मास्तर त्याचं काम चोख करत असतो.

तेव्हा थांबवण्याचा निर्णय तांत्रिकदृष्ट्या बरोबर होता. चूक त्याआधीची आणि त्यानंतरची.

बुधवारी, २० सप्टेंबरला, पिएद्रास नेग्रासच्या समोरच्या, टेक्ससमधल्या ईगल पास शहरात हजारो लोक नदी ओलांडून पोचले. शहरानं आदल्याच दिवशी आणीबाणी जाहीर केली होती. अमेरिकेच्या सीमा सुरक्षा विभागानं तिथला रेल्वे पूल बंद केला, कारण त्यावरचे अधिकारी माणसांची नोंद करायला हवे होते. पूल शनिवारी २३ तारखेच्या मध्यरात्री उघडेल असं युनियन पॅसिफिकनं सांगितलं, तेव्हा सीमेच्या दोन्ही बाजूंना मिळून सुमारे २,४०० डबे अडकून पडले होते. शुक्रवारी २२ तारखेला सिउदाद हुआरेसमध्ये अमेरिकी सीमा विभाग, मेक्सिकोची स्थलांतर संस्था आणि फेरोमेक्स यांची बैठक झाली आणि १५ उपाय ठरले: रेल्वे आणि महामार्गांवर रोजच्या कारवाया, सीमेवरच्या शहरांतून लोकांना हलवून त्यांच्या देशांत परत पाठवणं, त्यासाठी त्या-त्या देशांशी बोलणी. गाड्या हळूहळू सुरू झाल्या.

थांबवल्यानंतरची चूक ही, की गाड्या थांबल्या पण माणसं कुठं जाणार हे कुणी ठरवलं नव्हतं. मेक्सिकोतले बहुतेक मार्ग एकेरी आहेत. समोरून येणाऱ्या गाडीला वाट देण्यासाठी मधेमधे लूप लाईन असते, तीही सगळीकडे आजच्या लांब गाड्यांच्या मापाची नाही. एकदम साठ गाड्या उभ्या करायच्या म्हटल्यावर काही यार्डात राहतात, काही वाटेत. चिवावा ते हुआरेस अंतर ३७० किलोमीटरच्या आसपास आहे आणि मधला मुलूख वाळवंटाचा. तिथं गाडीवर असलेल्या हजारभर माणसांसाठी ‘सुरक्षिततेसाठी गाडी थांबवली’ या वाक्याचा अर्थ होतो: आता पाणी नाही, सावली नाही, आणि उतरून चालायचं तर जवळचं गाव कुठल्या दिशेला ते माहीत नाही. थांबवण्याच्या आदेशासोबत पाण्याचा टँकर कुठं पोचेल आणि बस कुठं येतील हेही निघायला हवं होतं. आदेशाच्या त्याच कागदावर.

आधीची चूक माहितीची. इरापुआतोत आठशे माणसं एका रात्रीत जमत नाहीत. दक्षिणेकडच्या यार्डांना गर्दी दोन-तीन दिवस आधी दिसलेली असते. एका यार्डानं पुढच्या यार्डाला रोज एवढं कळवलं असतं की आज इतके चढले, त्यात इतकी मुलं, अमुक गाडीच्या अमुक भागात, तर तोर्रेओनला गर्दी पोचण्याआधी सोय करता आली असती. डब्याची ओळखपट्टी वाचणारी यंत्रणा या कामाला सहज जोडता येते. डब्याचा क्रमांक आणि त्यातल्या माणसांचा अंदाज, एवढीच नोंद पुरते.

आपल्याकडचा एक धडा

महाराष्ट्रातल्या वाचकाला पहिला प्रश्न पडेल तो टपावर बसण्याचा. आपल्याकडे मालगाडीच्या टपावर चढणं म्हणजे जवळपास खात्रीचं मरण आहे, कारण वर २५,००० व्होल्टची तार असते. तिला हात लागायलाच हवा असं नाही. जवळ गेलं तरी वीज झेप घेते, म्हणून तारेपासून किमान दोन मीटर लांब राहण्याची सूचना रेल्वे देते. यार्डात उभ्या वाघिणीवर सेल्फीसाठी चढलेली मुलं याच कारणानं भाजून मरतात, आणि गाडी उभी आहे म्हणजे तार बंद आहे असा समज त्यामागे असतो. रेल्वे कायदा १९८९ च्या कलम १५६ नुसार रेल्वे कर्मचाऱ्यानं मना केल्यावरही टपावर, पायरीवर किंवा इंजिनावर प्रवास चालू ठेवल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५०० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. कलम १४७ रेल्वेच्या हद्दीत विनापरवाना शिरण्याबद्दल आहे, त्यात सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. मेक्सिकोतल्या या गाड्या डिझेलवर चालतात, वर तार नाही, म्हणून टप बसायची जागा होऊ शकली.

पण आपल्याकडे मालगाडीवरून कायदेशीर प्रवास करणारी माणसंही आहेत. कोकण रेल्वेनं १९९९ मध्ये रो-रो सेवा सुरू केली. कोलाडला ट्रक सपाट वाघिणींवर चढतात आणि गोव्यात वेर्ण्याला उतरतात, चालक आणि क्लीनर आपापल्या ट्रकसोबतच गाडीवर असतात. चढण्याआधी ट्रकची उंची मापाखालून तपासली जाते, वजन पाहिलं जातं, ट्रक जागेवर पक्का केला जातो. गाडीवर किती ट्रक आणि पर्यायानं किती माणसं, हे निघण्याआधीच माहीत असतं. रुळांवर विजेची तार आल्यानंतरही ही सेवा चालू राहिली, ती या शिस्तीमुळे. तिथला प्रवासी मोजलेला आहे, आणि त्याची जागा ठरलेली आहे.

गाडी पुन्हा सोडताना

१८ डिसेंबर २०२३ ला सकाळी ८ वाजता अमेरिकेनं ईगल पास आणि एल पासो इथले दोन्ही रेल्वे मार्ग पुन्हा बंद केले, कारण तेच: अधिकारी दुसरीकडे हवे होते. युनियन पॅसिफिक आणि बीएनएसएफ या दोन्ही अमेरिकी रेल्वे कंपन्यांनी जाहीर विरोध केला आणि २२ तारखेला दुपारी २ वाजता मार्ग उघडले. त्याच्या महिनाभर आधी, २० नोव्हेंबरला, मेक्सिकोच्या राष्ट्राध्यक्षांनी सात मार्गांवर प्रवासी गाड्या परत आणण्याचं फर्मान काढलं होतं. त्यात आग्वासकालिएंतेस ते सिउदाद हुआरेस हा मार्गही आहे, आणि सवलतधारक कंपन्यांना प्रस्ताव द्यायला १५ जानेवारी २०२४ पर्यंत मुदत होती. पण तो लांबचा पल्ला झाला. यार्डात आज उभ्या असलेल्या गाडीचं काय करायचं, हा रोजचा प्रश्न. आमच्या मते क्रम असा असावा.

गाडी सोडण्याचा निर्णय झाला की आधी लाउडस्पीकरवरून, स्पॅनिशसोबत पोर्तुगीज आणि हैतीच्या क्रेओल भाषेत, गाडी कुठं जाणार, कधी हलणार आणि पुढचा थांबा किती तासांनी हे सांगायचं. खोटी दिशा सांगायची नाही. एकदा सांगितली की पुढच्या वेळी कुणी ऐकत नाही. मग पाणी आणि वैद्यकीय तपासणी डब्यांपासून लांब, यार्डाच्या कुंपणाबाहेर द्यायची, म्हणजे लोक आपणहून रुळांपासून दूर जातात. हुसकावण्यापेक्षा हा उपाय कितीतरी जास्त चालतो. मग तळ नसलेल्या कंटेनर वाघिणी आणि बंद हॉपर एकेक करून पाहायच्या: हॉपरवर ठोकून आवाज ऐकायचा, झाकण उघडून आत बॅटरी मारायची, आणि त्यानंतरच सील लावायचं. सील आधी लावून नंतर पाहणं म्हणजे डेनिसन. ब्रेकची तपासणी शेवटी, आणि ती संपल्यापासून गाडी हलेपर्यंत दोन्ही बाजूंना माणसं उभी ठेवायची. निघण्याआधी दोन लांब शिट्ट्या, त्यांच्यात पूर्ण एक मिनिटाचं अंतर, म्हणजे डब्याखाली निजलेल्या माणसाला जागं होऊन बाहेर यायला वेळ मिळेल. यार्ड सुटेपर्यंत वेग माणसाच्या चालीचाच, आणि ढिलेपणा हळूहळू ताणत न्यायचा, एकाच दमात नाही. शेवटचा डबा यार्डाबाहेर पडल्यावर मागच्या रुळांवरून एक माणूस पायी जाऊन यायला हवा, बॅटरी घेऊन, दोन्ही रुळांमधून बघत. पुढच्या यार्डाला फोन तो परत आल्यावर करायचा.